खापरदऱ्याचे मूळ रहिवासी

महागाव तालुक्यातल्या मौजे खापरदऱ्याचे सरपंच बबनराव एका परदेशावर भयंकर चिडले होते. त्यांचा मुलगा ऋतिक ज्या चिमुकल्या देशात नोकरीला होता, त्या देशाने नागरिकत्वाची अट पाचावरून दहा वर्षांवर नेली होती. ऋतिकची पाच वर्षे येत्या महिन्यात भरत होती.

"म्हणे बाहेरचे लय येऊन राह्यले!" बबनराव ग्रामसभेत कडाडले. "माह्यं पोट्टं तिथं बर्फ उपसून राह्यलं, ते नाही दिसत? माणुसकी हाये का नाही?"

सभेने त्या देशाचा एकमताने निषेध केला आणि पुढचा विषय घेतला. कापूस वेचायला आलेली बिजलीबाई गावातच राहिली होती आणि घरकुलासाठी रहिवासी दाखला मागत होती.

"पाच वर्स राह्यलं पाह्यजे," बबनराव म्हणाले.

"सात झाले, सरपंच," बिजलीबाई म्हणाली.

"मंग दहा करा! बाहेरचे लय येऊन राह्यले."

"तीन वर्षांनी बाई पुन्हा येतील," ग्रामसेवकाने अदबीने लक्षात आणून दिले. तेव्हा ठराव पक्का झाला: गावच्या हद्दीत जन्मलेला तोच मूळ रहिवासी, दाखला आणि सभेत मत फक्त त्यालाच. टाळ्या पडल्या.

आठवड्याने ऋतिकचा फोन आला. "बाबा, जुन्या लोकायले सूट भेटली! फक्त आपल्या गावचा रहिवासी दाखला पाह्यजे, शुक्रवारपर्यंत."

बबनराव हसतच पंचायतीत शिरले. ग्रामसेवकाने जन्मनोंदवही उघडली.

"ऋतिकचा जन्म यवतमाळच्या दवाखान्यात. हद्दीबाहेर."

"मी सरपंच हावो! माह्या सहीनं दे."

"तुमचा जन्म मामाच्या गावी, उमरखेडला."

पहिले बाळंतपण माहेरी आणि पुढची दवाखान्यात, ही गावाची जुनी रीत. त्यामुळे सगळे खापरदरेकर एका ठरावात परके झाले होते.

"मंग रद्द करा तो ठराव!" बबनरावांनी वही मिटवली.

"त्यासाठी मूळ रहिवाशांची सभा लागेल. वहीत एकच नाव आहे. सुरभी, बिजलीबाईंची मुलगी, वय चार. कापूस वेचताना तुमच्याच शेताच्या धुऱ्यावर जन्मली."

बबनराव बिस्किटाचा पुडा घेऊन झोपडीपुढे उभे राहिले. "सुरभी, बाई, बोट वर कर बरं जराशीक."

पोरीने त्यांना खालून वर न्याहाळले.

"तुमी कोन्या गावचे?"

बबनरावांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. वाचकहो, हसताय काय? तुमचा जन्म कुठे झाला, ते आईला विचारून या, तोवर दाराबाहेर थांबा.