दहावा कोण?

माझ्या योजना कधी फसत नाहीत. फसतात ते लोक, योजना नव्हे, असं मी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वीस वर्षं ठणकावून सांगत आलो आहे. विज्ञानाच्या मास्तराने एवढा विश्वास बाळगायला हरकत नाही. तरीही दोन हजार तीनच्या माघ महिन्यात जे घडलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो आणि पाठोपाठ हसूही येतं. आधी काटाच येतो.

त्या वर्षी मला पुण्याला शिबिराला पाठवलं होतं. विषय होता, खेड्यातल्या पोरांना दारूपासून लांब कसं ठेवायचं. शिबिरातल्या बाई म्हणाल्या, पोरांना भीती घालू नका. पोरं पितात, कारण त्यांना वाटतं की सगळेच पितात. खरं तर बहुतेक पीत नाहीत, तेव्हा तेवढंच त्यांना कळवा आणि गप्प बसा. ‘गप्प बसा’ हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी वहीत एकदाच लिहिलं.

गावी आल्या आल्या मी नववी-दहावीच्या साठ पोरांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. पहिला प्रश्न, तू पितोस का? दुसरा, तुझ्या दहा मित्रांतले किती पितात? चोपन्न जणांनी ‘नाही’ लिहिलं. पण मित्रांच्या नावावर कुणी सात टाकले, कुणी आठ. बाई म्हणाल्या होत्या अगदी तसंच! मी खुशीत एकेक चिठ्ठी लावत होतो, आणि शेवटून तिसरी हातात आली. ‘हो. दहाच्या दहा.’ त्यातल्या ‘ह’ची ती लांब शेपटी मी पहिलीपासून खोडत आलो होतो. चिठ्ठी माझ्याच पोराची, दहावीतल्या रविंद्रची होती.

जत्रा पाच दिवसांवर आली होती. आमच्याकडे दहावीतल्या पोराला जत्रेत तमाशाच्या तंबूमागे नेतात आणि पहिला पेला हातात देतात. माझा धाकटा भाऊ असाच तंबूमागे गेला होता. तो पुढे अकरा वर्षं पीत राहिला, आणि मग आम्हीच त्याला घाटावर पोचवून आलो. ही चिठ्ठी मी बायकोलाही दाखवली नाही, शर्टाच्या खिशात ठेवून हिंडलो.

त्याच संध्याकाळी मी चिमाजी पेंटरला गाठलं. पारावरच्या काळ्या फळ्यावर गावाला कळवायचं ते सगळं चिमाजीच लिहितो. तीस वर्षांत त्याने जास्तीत जास्त काय लिहिलं असेल, तर कोण वारलं आणि दहावा कधी. मी त्याला मजकूर दिला: ‘आपल्या गावातली दहापैकी नऊ पोरं दारू पीत नाहीत.’ इथे थांबायला हवं होतं. पण मजकुराला शेवटी जरा झणका हवा म्हणून मी खाली माझं एक वाक्य जोडलं: ‘दहावा कोण?’

चिमाजीने चुन्यात ब्रश बुडवला आणि हाताच्या सवयीने ‘दहावा’ सगळ्यात मोठं काढलं. शेजारी एक समई काढली. मी पाहायला थांबलो नाही, कारण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला जुन्नरला परीक्षेच्या कामाला जायचं होतं. पहाटेची एसटी धुक्यातच पकडली.

परतलो तेव्हा दिवस मावळत होता. एसटीतून मी एकटाच उतरलो. वेशीपासून पारापर्यंत एक पोरगं दिसेना. रोज तिथे गोट्या, क्रिकेट, शिव्या, सगळं चालू असतं. घरांची दारं लावलेली होती आणि प्रत्येक दारावर लिंबाचा डहाळा खोचला होता. कुत्री होती, पण तीही भिंतीला अंग चोरून बसली होती. लाईट नेहमीप्रमाणे गेलेली, त्यामुळे फळ्यावरचंही काही वाचता येत नव्हतं. पारावर लंकाबाई म्हातारी एकटी बसली होती. गावात तिच्याहून मोठं फक्त ते पिंपळाचं झाड आहे. तिने माझ्याकडे न पाहताच सांगितलं,

“मास्तर, नऊ गेली.”

“कोण नऊ?”

“पोरं. आता दहाव्याची वाट बघत्यात.”

कोण बघतंय, हे विचारायला मी थांबलो नाही. आधीच त्या साली उसात बिबट्या होता. मी जवळजवळ पळतच घर गाठलं. बायकोने, आरतीने, कडी काढायलाच पाच मिनिटं लावली. रविंद्र माजघरात, हाताला काळा दोरा, कपाळाला अंगारा. मी आत आल्यावर तिने पहिलं काम केलं, ते म्हणजे त्याला पुन्हा एकदा हात लावून पाहिला.

कुणाची पोरं गेली ते तिला सांगता येईना. आमचं गाव अकरा वाड्यांत विखुरलेलं. खालच्या वाडीला वाटत होतं वरच्या वाडीतली गेली, वरच्या वाडीला वाटत होतं ठाकरवाडीची. शेजारच्या द्रौपदाबाई सकाळी सांगून गेल्या होत्या, “आमी बौद्ध माणसं, दहावा-बिहावा मानीत न्हाई. पन बुद्धभूषणला घरातच ठिवलाय.” ते ऐकल्यावर माझ्यातल्या विज्ञानानेही चुलीजवळची जागा धरली.

सकाळी उठून पाहतो, तर धुक्यातून माणसं नदीकडे चाललेली. दूध गोळा करणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरने ही बातमी शनिवारीच डेअरी-डेअरीवर टाकत पार नारायणगावपर्यंत नेली होती. ‘रविवारी सकाळी आठला घाटावर दहावा’ ही वेळ त्यात कुणी घातली, ते आजतागायत कळलेलं नाही. काल गेलेल्यांचा दहावा आज कसा, हा हिशेब भीतीपोटी कुणीच केला नाही; मीही तो न करता पांढरी टोपी घालून निघालो. नऊ पोरं म्हणजे त्यातली दोन-तीन तरी माझ्याच वर्गातली असणार. रविंद्रला घरात एकटं ठेवायचा धीर होईना, म्हणून त्याचं मनगट घट्ट धरून बरोबर नेलं.

घाटावर चारपाचशे माणूस उकिडवं बसलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, माझ्यासारखंच आपापलं पोर हाताशी धरून, आणि कुणी अवाक्षर बोलत नव्हतं. धुकं पाण्यावरून सरकत पायऱ्यांवर चढत होतं. पलीकडच्या बाभळीवर कावळे ओळीने बसले होते, पण खाली पिंडच नव्हता. ते मान वाकडी करून आमच्याकडे पाहत होते, जणू आमच्यातलंच कुणी पुढे येईल. मुख्य म्हणजे रडत कुणीच नव्हतं. नऊ पोरं गेली आणि एक आई रडत नाही, हे ध्यानात आलं तेव्हा मी रविंद्रचं मनगट आणखी आवळलं.

आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्याचं भाषण लागतंच. पुढच्या निवडणुकीच्या तयारीतले एक साहेब जीपमधून उतरले, माईक नव्हता तरी हात तोंडाशी धरून उभे राहिले आणि मयतांच्या मनमिळाऊ स्वभावावर दहा मिनिटं बोलले. मग हळूच माझ्याकडे झुकले.

“मास्तर, नावं काय व्हती?”

मला माहीत नव्हतं. पण पाचशे माणसांत आपणच एकटे अडाणी ठरायला नको, म्हणून मी गंभीरपणे मान हलवली. ते शेजारच्याकडे झुकले. त्यानेही तशीच मान हलवली. ती मान पायरी-पायरीने खालपर्यंत हलत गेली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इथे एकालाही काही माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्या सगळ्यांना माहीत आहे!

तेवढ्यात माझ्या पुढच्या पायरीवर भिका बसला. भिका माळकरी माणूस, आयुष्यात दारूला शिवलेला नाही. त्याच्या काळ्या घोंगडीवर, बरोबर पाठीवर, चुन्याची उलटी अक्षरं उमटली होती. मी मास्तर, उलटसुलट सगळं वाचतो. ‘दारू पीत’. शनिवारी पहाटे भिका पारावर फळ्याला टेकून बिडी ओढत बसला असणार आणि धुक्याने ओला राहिलेला चुना त्याच्या पाठीला चिकटला असणार. फळ्यावर उरलं ते असं: ‘आपल्या गावातली दहापैकी नऊ पोरं नाहीत. दहावा कोण?’ शेजारी समई.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. कुणी मेलं नाही, साठ पोरांतली चोपन्न पीत नाहीत, बातमी एवढीच. मला वाटलं, आता जोडे पडणार. पण पाचशे माणूस तसंच बसून राहिलं. मग आया हळूहळू आपापल्या पोराकडे वळून पाहू लागल्या, आणि पोरं एकमेकांकडे. “तू पन न्हाई?” असं कुणीतरी कुणाला तरी विचारलेलं मी स्वतः ऐकलं.

परतताना उसाच्या कडेच्या वाटेवर मी खिशातून ती चिठ्ठी काढली आणि रविंद्रपुढे धरली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मी कुठं पितो आप्पा?”

“मग ‘हो’ का लिहिलंस?”

“सगळीच ‘हो’ लिव्हणार वाटलं. मी एकट्यानंच ‘न्हाई’ लिव्हलं आन् कुणी अक्षर वळखलं, तर जलमभर हसतील.” मग तो म्हणाला, “जत्रंत तंबूमागं जाणार व्हतो मात्र. सगळी जाणार म्हनून. आता कळलं, कुनालाच जायाचं न्हाई.”

मी वाटेतच खाली बसलो. दोन दिवसांनी छातीतली हवा नीट बाहेर पडली. बाकीच्या पाच ‘हो’ लिहिणाऱ्यांना विचारायचा धीर मला पुढेही झाला नाही. पण ज्या दहाव्यासाठी गाव दाराला डहाळे लावून बसलं होतं, तो बहुधा जन्मालाच आलेला नव्हता.

मी उठलो, तोच रविंद्रने विचारलं, “आप्पा, पुण्याच्या शिबिरात तुमच्याकडनं पन चिठ्ठी लिव्हून घेतली असंल ना? तुमी काय लिव्हलं व्हतं?”

तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. मी उसाच्या रसात बर्फ घातला तरी ठसकणारा माणूस. पण शेजारी पुण्याचे मास्तर बसले होते, चष्मेवाले, इंग्रजी बोलणारे. मी लिहिलं होतं, ‘अधूनमधून. मित्रांच्या आग्रहाखातर.’

पोराला मात्र म्हणालो, “पाय उचल जरा, शाळेला उशीर होतोय.”

रविवार होता.