टेबलाखालचं लॅटिन

धाकटीसाठी लॅटिनचं पुस्तक मी निवडते, असं मी म्हणाले तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यानंतर आईचा यावर विश्वास उरलेला नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण. वय चौदा. ती शाळेत जात नाही, घरीच शिकते, त्यामुळे आमच्याकडे विषयांची वाटणी आहे. आई नर्स, म्हणून विज्ञान तिच्याकडे. बाबा नकाशे काढतात, म्हणून भूगोल आणि गणित त्यांच्याकडे. मी कॉलेज शिकलेली, म्हणून उरलेलं सगळं माझ्या गळ्यात. एरवी मी घरी बसून औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ना, त्या बारीक अक्षरांच्या कागदांची प्रूफं तपासते. (त्यामुळे कुठल्याही गोष्टीचे दुष्परिणाम मला आधी दिसतात आणि उपयोग मागाहून.)

लॅटिनचं वेड आलं आत्याच्या वहीतून. आत्या वनस्पती उद्यानात कामाला होती. ती गेल्यावर तिची हिरवी वही आमच्या घरी आली. दर पानावर एक वाळवलेलं पान चिकटवलेलं आणि खाली लॅटिनमध्ये त्याचं वर्णन. झाडांचा अभ्यास करणारी माणसं तसंच लिहितात म्हणे. धाकटीला ती वही अक्षर न् अक्षर वाचायची होती. मलाही हवी होती, पण माझं कारण जरा आपमतलबी. अगदी शेवटच्या पानावर, चार ओळींच्या मधोमध, माझं नाव होतं.

आत्याने माझं नाव एखाद्या फुलाला दिलं असेल का? दुपारी पडद्यातून ऊन झिरपतं, तेव्हा प्रूफं बाजूला ठेवून मी त्या फुलाकडे बघत बसायचे. पांढरं असणार. काचघराच्या आतल्या कोपऱ्यात, वर्षातून एकदाच उमलणारं. लोक चवड्यावर चालत येतात आणि कुजबुजतात, हीच ती.

तर, पुस्तक. मी तीन मागवली. पहिलं करड्या रंगाचं. उघडलं की तक्ते, मिटलं तरी तक्ते. दुसऱ्याबद्दल वाचकांचे एकेचाळीस अभिप्राय वाचले. त्यात उच्चारांवरून दोन गट पडले होते आणि दोन सद्गृहस्थांनी एकमेकांशी बोलणं कायमचं टाकलं होतं. मी घाबरून पुस्तक परत पाठवलं. तिसरं निळं. पहिल्याच पानावर बागेतली विहीर, विहिरीपाशी एक मुलगी, आणि मुलीला कसलीही घाई नाही. दुष्परिणाम दिसेनात. हेच घेतलं.

"आणि हे करडं?" धाकटीने विचारलं.

"ते लॅपटॉपखाली ठेवू. उंची येईल."

मग ऑनलाइन वर्ग. एका निवृत्त बाईंच्या वर्गात एकच जागा उरली होती आणि आधी एक तास नमुन्यादाखल बसून बघता येत होतं. धाकटीला बसवण्याआधी ती जागा धोक्याची नाही ना, हे मी पाहायला नको का? कॅमेरा बंद ठेवून मिनिटभर डोकावायचं आणि पळायचं, एवढाच बेत होता.

कॅमेरा चालू होता.

"या, या! नवीन मुलगी!" पडद्यावर पांढऱ्या केसांच्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. "वय चौदा, बरोबर?"

मी इतकी दचकले की "हो" म्हणाले.

"थोराड दिसतेस."

"आमच्याकडे सगळे लवकर वाढतात."

"मी चौदा ते सोळा वयाचीच मुलं घेते. आणि खोटं बोलणाऱ्यांना घेत नाही," बाई बाकीच्या पाच चेहऱ्यांना म्हणाल्या. आता खरं सांगायचं तर धाकटीची जागा जाणार. मी खरं सांगण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात ओले केस पुसत धाकटी मागून आली.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"आई," मी म्हणाले.

(सुचलं ते बोलले. सुचलं नसतं तर बरं झालं असतं.)

"फारच तरुण आहेत," बाई म्हणाल्या. धाकटीने गंभीरपणे नमस्कार केला आणि कॅमेऱ्याबाहेर पोहोचताच मला उशी फेकून मारली.

अशा रीतीने धाकटीच्या नावावर मी लॅटिन शिकू लागले. धाकटी टेबलाखाली बसायची. बाईंनी विचारलं की माझ्या गुडघ्याशी कुजबुज व्हायची आणि मी ती वर पोहोचवायची. मला खरंच प्रयत्न करायचा होता हो. पण बाई वाचायला लागल्या की त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, संथ आणि गार. मग निळ्या पुस्तकातली ती मुलगी जरा सरकून मला कठड्यावर जागा द्यायची. आम्ही दोघी पाण्यात पाय सोडून बसायचो. लांब कुठेतरी माझं फूल उमलत असायचं.

"ताई, विभक्ती!" खालून चिमटा.

"आई गं!"

"आईंना कशाला बोलावतेस?" बाई विचारायच्या. "तुला येत नाही का?"

दीड महिन्याने त्यांनी खरोखरच आईंना बोलावलं. पालकभेट. धाकटीने आईची शाल घेतली, आईचा जुना चष्मा लावला, अंबाडा बांधला, आणि माझ्या शेजारी अशी बसली की मला क्षणभर गृहपाठ दाखवावासा वाटला.

"तुमची मुलगी गुणी आहे," बाई म्हणाल्या, "पण लक्ष नसतं तिचं."

"घरीही तसंच आहे," धाकटी सुस्कारा टाकून म्हणाली. "दूध उतू जात असतं समोर, ही बघत बसते. आम्ही तर हात टेकले."

"लग्नाआधी तुम्ही कुठे होता?"

"इथेच," धाकटी म्हणाली. "या घरात."

तेवढ्यात कुलूप उघडलं. आई ड्यूटीवरून आली, गणवेशातच, आणि थेट आमच्या मागे येऊन उभी राहिली. "माझी शाल का घेतलीस गं?"

"आणि या?" बाईंनी विचारलं.

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आता नीट कळतं. तेव्हा मी म्हणाले, "आजी."

भिंतीवरचं घड्याळही ओशाळलं. आईने पर्स खाली ठेवली. "आजी?"

संपलं. जागा गेली, वही गेली. मी रडवेली होऊन सगळं सांगून टाकलं, पहिल्या "हो"पासून. "शिक्षा मला करा," मी म्हणाले, "पण जागा तिची आहे. ती टेबलाखाली बसून शिकलीय, बाई. पाठीला रग लागेपर्यंत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पहिल्याच तासाला कळलं होतं मला. एका तासात अकरा वेळा सॉरी म्हणणारी चौदा वर्षांची मुलगी मी चाळीस वर्षांत पाहिली नाही. तू कधी खरं बोलतेस, त्याची वाट बघत होते." मग त्या पुढे झुकल्या. "पण तुझं टेबल हुशार आहे हं. उद्यापासून टेबलाला खुर्चीवर बसव."

धाकटी वर बसली. लॅपटॉपखालचं करडं पुस्तक तिने काढून घेतलं आणि सगळे तक्ते फस्त केले. निळं मला दिलं. (आई अजूनही मला हाक मारताना म्हणते, "आजी बोलावतेय.")

काल दुपारी धाकटी शेवटच्या पानाशी पोहोचली. ऊन वहीवर आलं होतं. मी श्वास रोखून कठड्यावर, म्हणजे सोफ्याच्या हातावर बसले.

"लाजाळूचं पान आहे," ती म्हणाली.

"पांढरं फूल नाही?"

"ऐक तर. 'पानं नाजूक, स्पर्श होताच मिटतात. असाच एक प्रकार माझ्या भावाच्या घरी वाढतो.' इथे तुझं नाव आहे. 'खिडकीपाशी ठेवल्यास सुखात राहतो. हा मात्र स्पर्शाआधीच मिटतो. त्याच्या तुलनेत लाजाळू धीट म्हणावी.'"

दाराची बेल वाजली. मी सोफ्यावरून खाली पडले.

धाकटीने दार उघडण्याआधी पेन्सिल शोधली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं : वर्णन प्रत्यक्ष पडताळले. बरोबर आहे.