'खुर्ची' या कवितेची चौकशी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या वार्षिक अंकात स्टोअरकीपरची पाच ओळींची कविता छापून आली, आणि दुसऱ्याच दिवसापासून साहेबांनी जागेवरून उठणं बंद केलं. कवितेचं नाव 'खुर्ची'.

खिडकीकडे तोंड करून खुर्ची अजून तशीच.
बसणारा उठला, पाठीचा खोलगा राहिला.
मी रोज सगळी धूळ पुसतो,
तेवढ्यातली पुसत नाही.
पोकळ जागा इतकी जड कशी असते?

कार्यालयात खुर्च्या पुष्कळ होत्या, पण नुसतं 'खुर्ची' म्हटलं की ती एकच. साहेब अकराला यायचे आणि बाराला पाहणीसाठी निघायचे. पाहणी कशाची, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे 'बसणारा उठला' इथे त्यांचा चेहरा उतरला आणि 'पोकळ' इथे त्यांनी चष्माच काढून ठेवला.

मग ते दहा ते सहा बसून राहू लागले. सहीला आलेला प्रत्येक माणूस आपल्या पाठीमागे वाकून बघतोय, असं त्यांना वाटायचं. साहेब एवढे बसून का आहेत, याची उत्सुकता असल्यामुळे माणसं खरोखरच बघायची. साहेबांनी पाठीला उशी लावली. 'खोलगा झाकला,' अशी कुजबुज त्यांच्याच कानावर आली. सकाळी शिपाई टेबल पुसत होता, त्याला त्यांनी थांबवलं.

"तू कुठली धूळ पुसत नाहीस?"

"साहेब, सगळीच पुसतो."

"खरं सांग."

त्या दिवसापासून शिपाई एकेक खुर्ची दोनदा पुसू लागला.

शेवटी साहेबांनी हेडक्लार्कला बोलावलं. स्टोअरकीपरची बदली धरणाजवळच्या पंपघरावर करायचा आदेश टाइप होऊन समोर पडला होता. स्टोअरकीपरच्या घरी त्याची म्हातारी आई एकटीच, आणि पंपघरावरून रोज घरी येणं शक्य नव्हतं.

"कारण लेखी लागेल," साहेब म्हणाले. "या कवितेचा अर्थ काढा. उद्यापर्यंत."

हेडक्लार्कने शाळेत कवितेचा प्रश्न कायम ऑप्शनला टाकलेला होता. संध्याकाळी घरी बसून त्याने कागदावर दोन रकाने आखले, एका बाजूला 'ओळ' आणि दुसऱ्या बाजूला 'आरोप'. त्याची थोरली बहीण शेजारी भाजी निवडत होती. तिने तीस वर्षं हायस्कुलात भाषा शिकवली होती. तिने कागद ओढून घेतला.

"ही फिर्याद झाली. कविता कुठंय?"

त्याने अंक पुढे केला.

"मोठ्याने वाच."

त्याने वाचली.

"परत. सावकाश. पाणीपट्टीची नोटीस नाहीये ती."

त्याने परत वाचली.

"आता सांग, यात बोलतंय कोण?"

"स्टोअरकीपर."

"ते नाव खाली छापलंय. ओळींमधे बोलतंय कोण?"

"धूळ पुसणारा."

"तुझ्या साहेबांची धूळ कोण पुसतं?"

"शिपाई."

"आणि साहेबांच्या खुर्चीचं तोंड?"

"दाराकडे."

"म्हणजे साहेब इथेच कवितेतून बाहेर पडले."

"अगं ताई, पण पोकळ म्हटलंय."

"अर्थावर लगेच उडी नको मारूस. आधी लिहिलंय काय ते बघ. रोज पुसणारा माणूस तेवढीच धूळ ठेवतो. का?"

"आळस."

"आळशी माणूस सगळीच ठेवेल."

हेडक्लार्कने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "जपायची असेल."

"ज्याच्यावर राग आहे, त्याच्या पाठीची धूळ जपतं का कुणी?"

चार महिन्यांपूर्वीचा स्टोअरकीपरचा एक रजेचा अर्ज त्याला आठवला. तीन दिवस, कारण घरगुती. त्याने मान वर न करता त्यावर सही केली होती. परत आल्यावर स्टोअरकीपर कितीतरी दिवस कुणाशी बोलला नव्हता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"त्यालाच विचारू का, कुणाची खुर्ची ते?"

"विचार. पण चौकशी म्हणून नको विचारूस."

सकाळी तो स्टोअरमधे गेला. स्टोअरकीपर वॉशर मोजत होता.

"वडिलांची," तो म्हणाला. "सहा वर्षं पाय चालत नव्हते. तिथे बसून रस्ता बघायचे. मी घरी येताना दिसलो की आईला सांगायचे, आला गं." एवढं बोलून तो वॉशर पहिल्यापासून मोजू लागला.

हेडक्लार्कने रकाने फाडून टाकले आणि एका परिच्छेदात अहवाल लिहिला. सुरुवातीलाच सूचना होती, की कविता दोनदा, सावकाश, मोठ्याने वाचावी. साहेबांनी दार लावून घेऊन ती पाळली. दुसऱ्या वेळी चौथ्या ओळीवर ते थांबले. त्यांनी हेडक्लार्कला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर आदेशाचे चार तुकडे केले.

"म्हणजे पोकळ मी नाही."

"नाही साहेब."

"उठलेलाही मी नाही?"

"नाही."

"पाचही ओळींत मी कुठेच नाही?"

"कुठेच नाही, साहेब."

साहेबांना हायसं वाटायला हवं होतं. पण बदली त्यांचीच झाल्यासारखा त्यांचा चेहरा दिसत होता. ते उठले आणि नोकरीत पहिल्यांदाच स्टोअरमधे गेले. स्टोअरकीपर धडपडत उभा राहिला.

"साहेब, कानावर आलंय माझ्या. चुकलं असेल तर कविता मागे घेतो."

"नको. चांगली आहे." साहेब पाइपांच्या ढिगावर टेकले. "वडील काय करायचे?"

स्टोअरकीपरने सांगितलं. अर्धा तास स्टोअरमधून पाइपाचा एकही जोड बाहेर गेला नाही, आणि कुणी मागायलाही आत आलं नाही. साहेब मधेमधे एखादा प्रश्न विचारत होते, बाकी ऐकत होते. निघताना ते दारात घुटमळले.

"पुढच्या अंकात जमलं तर... आमच्यावर लिहा एखादी."

स्टोअरकीपरने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. "लिहितो की. काय लिहू साहेब?"

साहेबांनी बराच वेळ विचार केला. त्यांना काही सुचेना.