योगेंद्रच्या झोपेची दवंडी

योगेंद्र गावी आला तो फक्त झोपायला. नावाजलेला कबड्डीपटू, पण महिनाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज जयपूर, परवा चेन्नई. सामना रात्री उशिरा संपायचा, डोक्यातल्या चढाया मात्र पहाटेपर्यंत चालायच्या आणि पहाटे विमान असायचं. शेवटी भर सामन्यात त्याने प्रतिस्पर्धी समजून आपल्याच कप्तानाची कंबर धरली. मग प्रशिक्षकाने त्याच्या मनगटावर झोप मोजणारा बँड बांधला आणि बजावलं, "घरी जा आणि झोप. या बँडने मला चांगली खबर दिली तर उपांत्य सामन्यात खेळशील, नाहीतर बाहेर बसून टाळ्या वाजव."

त्याच्या आईने, गोदावरीबाईंनी, मागच्या खोलीत खाट टाकली आणि खिडकीला गोधडी अडकवली. पण लांबून आलेल्या माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखं, आणि लाखांदूरजवळच्या त्या गावात वैर कोणालाच नको होतं. जो तो येई, खोलीत डोकावे आणि अगदी हळू आवाजात विचारी, "बाबू, झोपला का?"

योगेंद्र पडला सभ्य मुलगा. "नाही काकाजी," म्हणून तो उठून बसे.

शेवटी त्याचे वडील केवळराम वैतागून इश्वर कोतवालाकडे गेले. "पोरगा झोपाले आला आहे. गावात सांगून दे, कोणी आवाज नोका करू म्हणा."

इश्वर कामाला चोख. ज्याच्या घरचा निरोप, त्याच्या दारातून दवंडीची सुरुवात करायची, ही गावची रीत. गोधडीच्या खिडकीखाली उभं राहून त्याने डफडं असं बडवलं की योगेंद्र खाटेवरून थेट जमिनीवर आला.

"ऐका हो ऐका, केवळरामभाऊचा योगेंद्र झोपून राहिला, कोणी आवाज करू नोका होऽऽ"

"इश्वर, काहून माह्याच दारात बडवून राहिला?" केवळराम धावत आले.

"मंग कोणाच्या दारात बडवू? दुसरीकडून सुरू केलं तं घरवाले रुसतेत."

त्यानंतर मात्र गाव चिडीचूप झालं. पिठाची गिरणी थांबली. धानाच्या मळणीची यंत्रं बंद पडली. कोंबडे डालग्याखाली गेले. सगळं गाव श्वास रोखून योगेंद्रच्या झोपेची वाट पाहू लागलं. योगेंद्र छताकडे बघत पडून राहिला.

"झोप ना बाबू," गोदावरीबाई काकुळतीला आल्या.

"कसा झोपू, माय? माह्यापायी लोकाइचा धान खळ्यावर पडून आहे. त्याचीच चिंता लागली."

त्याचे लाल डोळे पाहून ती माउली त्याच्या कपाळाला तेल चोळत बसली. पोरगं लहानपणापासून या खेळासाठी जीव टाकत आलं होतं, आणि आता साध्या झोपेपायी बाहेर बसणार होतं.

त्यातच दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात त्याचा सत्कार ठरलेला. टाळणं शक्य नव्हतं. मुख्य भाषण लिलाधर गुरुजींचं होतं. गुरुजी उभे राहिले की गावकरी चपला शोधू लागत, आणि आजवर त्यांचं एकही भाषण कोणी शेवटपर्यंत होऊ दिलं नव्हतं. गुरुजींनी घसा खाकरला आणि कबड्डीच्या उगमापासून सुरुवात केली. ते सूर मारण्याच्या प्रकारांपर्यंत पोचले तेव्हा योगेंद्रची हनुवटी हारात रुतली होती.

केवळराम लाजेने अर्धे झाले. त्याला हलवायला ते उठले, तोच गुरुजींचंही लक्ष गेलं. दुखावून ते गप्प झाले. आवाज थांबताच योगेंद्रच्या पापण्या हलल्या.

गोदावरीबाई आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर चढल्या. "गुर्जी, थांबू नोका. बोला."

"पण बाई, ऐकणारा तं झोपला. मी आता का बोलू?"

"काही बी बोला. पण थांबू नोका."

गुरुजींना भरून आलं. अशी विनंती त्यांना उभ्या जन्मात कोणी केली नव्हती. ते बोलू लागले. कबड्डी संपली, मग आपल्या सगळ्या बदल्या सांगितल्या, मग पेन्शनचं प्रकरण, मग थोरल्या जावयाचा स्वभाव. लोक चपला हातात घेऊन एकेक करून निघून गेले. खबरदारी म्हणून इश्वरचं डफडं केवळरामांनी मांडीखाली घेतलं होतं.

दिवस मावळायला आला तेव्हा गुरुजींच्या घशातून नुसती हवा येत होती. तेवढ्यात केवळरामांच्या खिशातला योगेंद्रचा फोन थरथरला. प्रशिक्षकाचा निरोप होता: झोप उत्तम, उपांत्य सामन्यात योगेंद्र खेळेल. गोदावरीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि गुरुजींना पुरे अशी खूण केली. गुरुजी धाप टाकत खुर्चीत बसले.

शांतता पसरली आणि योगेंद्र जागा झाला. समोर माइक, शेजारी गुरुजी. क्षणभर डुलकी लागली असावी, या कल्पनेनेच तो ओशाळला. त्याने हार नीट केला, ताठ बसला आणि हात जोडले.

"गुर्जी, करा तुम्ही सुरू. मी जागाच आहो."