आठ रुपयांचं पान

दर महिन्याच्या तीन तारखेला भूपेशचा सकाळचा चहा कडू लागे. साखर तेवढीच असे, दूधही तेवढंच असे; पण त्या दिवशी त्याचा साडू मनोज आपल्या किराण्याच्या बिलाचा फोटो सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकी. खाली लिही, ‘चार माणसं, पूर्ण महिना, फक्त ३१४०.’ भूपेशचा खरा राग त्या ‘फक्त’वर होता. त्याच्याही घरात चारच माणसं होती, तो, रूपा आणि दोन मुलं, आणि बिल यायचं सहा हजार आठशे. त्याच्यापुढे ‘फक्त’ लिहायला कुणाचाही हात धजावला नसता.

भूपेश कामतघर भागातल्या एका लूमच्या कारखान्यात मेहताजी होता. कामगारांची हजेरी, सुताचं वजन, कापडाचे मीटर, सगळं त्याच्या वहीत. सूत दोनशे ग्रॅम कमी भरलं तरी तो ते पुन्हा काट्यावर चढवायला लावी. आणि इथे गोदामातला एक सुपरवायझर, वयानं सहा वर्षांनी लहान, नात्यानं धाकटा जावई, त्याला दर महिन्याला तीन हजार सहाशे साठ रुपयांनी हरवत होता. सासरे लडकूमामा मनोजच्या बिलाखाली न चुकता अंगठा टाकत. भूपेशनं एकदा मुलीला चित्रकलेत मिळालेल्या बक्षिसाचा फोटो टाकला होता. त्याखाली अंगठा आला नव्हता. ही नोंदही त्याच्या डोक्यातल्या वहीत होती.

“भावनाला विचारू का, कुठून भरते ती किराणा?” रूपानं एकदा साधेपणानं विचारलं. भावना ही तिची धाकटी बहीण, म्हणजे मनोजची बायको.

“विचारू नको.”

“का पण?”

“ती सांगेल.”

हे असंच धुमसत राहिलं असतं. पण धाकटा मेहुणा प्रितेश याचं लग्न ठरलं आणि साखरपुड्याच्या दिवशी लडकूमामा तंबाखू मळता मळता बोलून गेले, “हलदीला दीड हजार पान उठंल. मटनाचा मी बघतो. तांदूळ, तेल, मसाला, बाकीचा किराणा जावयांकडं. ज्याचा हात हलका त्याच्याकडं. पत्रिकेत नाव त्याचं.”

आता पत्रिका म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना भूपेशची धास्ती कळायची नाही. गावाकडची पत्रिका आठशे घरांत जाते आणि लग्न होऊन सून माहेरपणाला गेली तरी कपाटाच्या दारावर चिकटलेली असते. ‘किराणा व्यवस्था’ या शब्दांपुढे धाकट्या जावयाचं नाव आणि थोरल्याचं कुठेच नाही, अशी आठशे कपाटं भूपेशला एकदम दिसायला लागली.

दुसऱ्याच दिवशी तो धामणकर नाक्यावरच्या आपल्या नेहमीच्या दुकानात गेला.

“सेठ, इस बार दो बिल बनाना. एक छोटा, एक बाकी का.”

सेठनं यादीवरून मान वर काढली नाही. “समझ गया. एक दिखाने का, एक खाने का.”

दाखवायचं बिल झालं दोन हजार नऊशे नव्वद. तेवढा माल घरी आला. खायच्या बिलाचा माल सूत गुंडाळलेल्या कोनांच्या रिकाम्या खोक्यांत भरून कारखान्यात, भूपेशच्या टेबलामागे गेला. रूपा सकाळी मुलांना शाळेत सोडायला जाई. वीस मिनिटं लागत तिला. तेवढ्यात भूपेश स्कूटरच्या डिकीतून पिशवी काढून डाळ डाळीच्या डब्यात, साखर साखरेच्या डब्यात, अशी भर घाली. रेषेपर्यंत भरायचं, रेषेच्या वर नाही. मेहताजीचा हात होता तो.

आठव्या दिवशी रूपा तुरीच्या डब्यात डोकावून म्हणाली, “अहो, ही डाळ हलतच नाहीये. नेहमी एव्हाना तळ दिसतो.”

“हात हलका ठेवला की होतं,” भूपेश वर्तमानपत्रामागून म्हणाला.

“कुणाचा? स्वयंपाक तर मी करते.”

“तुझाच म्हणतोय.”

रूपा खूश झाली. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती आणि नवऱ्यानं तिच्या हाताचं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं.

तीन तारखेला भूपेशनं बिल ग्रुपवर टाकलं. ‘फक्त’ हा शब्द लिहून तो एकदा पुसला, मग पुन्हा लिहिला. मामांचा अंगठा आला. मनोजचा मात्र आला नाही, आणि त्या न आलेल्या अंगठ्यानंच भूपेशला जास्त आनंद झाला. तो संध्याकाळपर्यंत टिकला.

“मग वाचलेले द्या,” संध्याकाळी रूपा हात पुढे करून उभी राहिली.

“काय वाचलेले?”

“सहा हजार आठशेतून दोन हजार नऊशे नव्वद गेले. राहिले तीन हजार आठशे दहा. मी भिशीत नाव घातलंय.”

भूपेशनं खिशात हात घातला. ज्याचं पोटच वजाबाकीवर चाललं होतं, त्यानं वजाबाकीला चूक कशी म्हणायची? त्यानं पैसे दिले. म्हणजे त्या महिन्यात काटकसर त्याला दहा हजार सहाशे दहा रुपयांना पडली. तूट भरून काढायला त्यानं दुसऱ्या शिफ्टची हजेरीसुद्धा स्वतःकडे घेतली.

पुढच्या महिन्यात मनोजनं टाकलं, ‘फक्त २६००.’ भूपेशनं दुपारी टाकलं, ‘फक्त २४००.’ मनोज गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याच्या पुढच्या महिन्यात तो दोन हजार चाळीसवर उतरला. भूपेश एक हजार नऊशे वीसवर गेला, आणि दाखवायच्या बिलात आता चहा, मीठ, दोन किलो डाळ आणि मोजून एवढं-तेवढं राहिलं. जितका तो खाली उतरे तितकी रूपाची वजाबाकी वर चढे. तिनं दुसरी भिशी लावली.

एव्हाना चाळीत रूपाचं नाव झालं होतं. दुपारी बायका तिच्या ओट्याशी येऊन बसत. “दोन किलो डाळीत महिना निघतो कसा गं?” असं कुणी विचारलं की रूपाला काहीतरी सांगावंच लागे. कसा निघतो ते तिलाही माहीत नव्हतं, पण तसं कबूल करणं म्हणजे आलेला मान परत करणं. मग ती सांगे, डाळ रात्रभर भिजवायची, दुप्पट फुगते. तेल चमच्यानं न घालता बोटानं लावायचं. भाजीत पाणी आधी, तिखट नंतर.

शेजारच्या धोंडूबाईनं हे सगळं मनापासून केलं. पंधराव्या दिवशी तिचा नवरा यादव भूपेशला नाक्यावर रिक्षा स्टँडजवळ गाठून म्हणाला, “भूपेशभाऊ, वहिनींना सांगा काहीतरी. आमच्याकडं वरण म्हणून येतं त्यात मला काल माझं तोंड दिसलं.”

“सवय होईल.”

“तुम्हाला झाली?”

“झाली ना,” भूपेश म्हणाला. सकाळीच त्यानं तुपाचा डबा भरला होता, आणि ढेकर दाबताना त्याचे डोळे थोडे पाणावले.

मग लडकूमामा आले. पत्रिका छापायला टाकायच्या होत्या, म्हणून दोन दिवस मनोजकडे राहून तीन दिवसांसाठी ते थोरल्या लेकीकडे उतरले. रूपानं बापाला बघून हात आखडला नाही. घडीच्या पोळ्या, आंबेमोहराचा भात, वरण, त्यावर तुपाची धार. मामा न बोलता जेवत. वाटी पुढे करत आणि पुन्हा जेवत.

तिसऱ्या दिवशी सकाळी रूपा मुलांना घेऊन शाळेत गेली. मामा मोरीत तोंड धूत होते, निदान पाणी तरी पडत होतं. भूपेशनं पिशवी आणली, तुरीच्या डब्याचं झाकण काढलं आणि अर्धी डाळ आत पडते न पडते तोच मागून आवाज आला.

“काय भरतोस, जावयबापू?”

भूपेशच्या हातातली पिशवी थांबली. थोडी डाळ ओट्यावरून खाली गळत राहिली.

“डाळ. म्हणजे उन्हात ठेवली होती. किडे होतात ना.”

“कुठं ठेवलीवती उन्हात?”

“डिकीत.”

“बरं,” मामा म्हणाले आणि टॉवेलनं कान पुसत बाहेर जाऊन बसले.

रूपा आल्यावर चहा झाला. मामांनी पिशवीतून चष्मा काढला, फोन काढला आणि दोघांना समोर बसवलं. “ठरला. हलदीचा किराणा भूपेशकडं. पत्रिकेत नाव टाकायला सांगतो.”

रूपा नवऱ्याकडे अशी बघत राहिली की असा नवरा आपल्याला कसा मिळाला याचं तिलाच नवल वाटावं. भूपेशला मात्र त्या क्षणी मनोजचंच तोंड दिसत होतं. मनोज आठशे कपाटांसमोरून एकेक करून चालला आहे आणि प्रत्येकासमोर थांबून वाचतो आहे.

“आता पैशाचं,” मामा म्हणाले. “चार मानसं, तीस दिवस, दोन टायमाचं जेवान. दोनशे चालीस पानं. तुझा बिल एक हजार नऊशे वीस. एक पान पडलं आठ रुपयाला. दीड हजार पानांचे किती?”

“बारा हजार,” रूपा पटकन म्हणाली.

मामांनी बारा हजार रुपये मोजून भूपेशच्या मांडीवर ठेवले. रूपा आनंदानं उठली आणि ही बातमी धोंडूबाईला सांगायला गेली.

भूपेश त्या नोटांकडे बघत बसला. बारा हजारात दीड हजार माणसांचं मीठ आलं असतं. फार तर पापड.

“मामा, थोडं बोलायचं होतं. घरचं वेगळं आणि हळदीचं वेगळं असतं. तिथं आचारी हात सैल सोडतो.”

“तू उभा राहा ना आचाऱ्याजवल. तुझा हात हलका हाय.”

“तरी आठ रुपयांत...”

“भूपेश.” मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “जन्म भाताच्या शेतीत गेला माजा. तांदलाचा भाव मला म्हाईत न्हाय? तीन दिवस जेवतोय तुज्याकडं. तुपाची धारच आठ रुपयांची व्हती.”

मामांनी पिशवीत हात घातला आणि जाडसर पाकीट काढून नोटांच्या शेजारी ठेवलं.

“नव्वद हजार हायत. किराण्याचे खरे पैसे. नाव तुझंच ऱ्हाईल पत्रिकेत, थोरला हायस तू. रूपालाबी मी समजावतो. एकच कर. खरा बिल काढ आनि ग्रुपवर टाक. आत्ता, माज्यासमोर. मंग पाकीट उचल.”

खरं, खायचं बिल भूपेशच्या खिशातच होतं. त्यानं ते मांडीवर पसरलं, फोन काढला, फोटोही घेतला. खाली फक्त एक खूण दाबायची बाकी होती. तेवढ्यात स्क्रीनवर वर मनोजचा मेसेज आला. कुठल्याशा गोदामातल्या पंख्याच्या सेलचा. म्हणजे मनोजचा फोन आत्ता हातात होता. म्हणजे फोटो पडताक्षणी तो बघणार. भावनाला दाखवणार. आणि मग काही लिहिणार नाही, फक्त एक हसरा चेहरा टाकणार, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा.

एका बाजूला नव्वद हजार. दुसऱ्या बाजूला तो एक चेहरा. मेहताजीनं सवयीनं बेरीज-वजाबाकी केली. उत्तर अगदी स्पष्ट आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं आलेलं उत्तर मानलं नाही.

“राहू द्या, मामा,” तो फोटो पुसत म्हणाला. “बारा हजारात बसवतो.”

त्यासाठी कारखान्याच्या मालकाकडून सत्तर-ऐंशी हजारांची उचल घ्यावी लागणार होती, दुसऱ्या शिफ्टबरोबर तिसरीची हजेरीही लिहावी लागणार होती. हे सगळं त्याला दिसत होतं. तरी त्याला बरं वाटत होतं.

मामांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी पाकीट उचलून पिशवीत टाकलं आणि चेन ओढता ओढता म्हणाले, “परवा मनोजबी हेच बोलला.”

“मनोज? त्याला कशाचे पैसे?”

“मांडवाचे. खुर्च्या, पडदे, दिवे, सगला त्याच्याकडं. त्यालाबी पाकीट दावला, खरा बिल टाकायला सांगितला. तो बोलला, राहू द्या मामा, बसवतो.”

भूपेश नोटा खिशात घालून उठायला लागला होता. तो तसाच अर्धवट थांबला.

“पत्रिकेत वर काय येतं? किराणा का मांडव?”

“मांडव. मांडव असल त जेवान.”

भूपेश पुन्हा खाली बसला. त्यानं सतरंजी थोडी मामांच्या जवळ ओढली आणि दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

“मामा, तो कितीत बसवतो म्हणाला?”