सापुताऱ्याला गेलेलं मत

देवपुरात अभिमनभाऊंना सगळे नगरसेवक म्हणत. निवडून आल्या होत्या त्यांच्या बायको, बेबाबाई. पण बॅनरवर भाऊंचा फोटो मोठा होता, आणि ज्याचा फोटो मोठा तोच नगरसेवक, हा आपल्याकडचा रिवाज. त्याला कोण काय करणार?

महापौरपद महिलेसाठी राखीव निघालं. एका पक्षाचे पुढारी आणि नगरसेवक रतिलालनाना यांना तिथं आपली नगरसेविका सून कामिनी बसवायची होती. दोन्ही पक्षांचं बळ सारखं, मधे बेबाबाईंचं एकटं अपक्ष मत. नानांनी कामिनीचा अर्ज भरला आणि लगेच आपले नगरसेवक सापुताऱ्याच्या सहलीला काढले. पहिली गाडी अभिमनभाऊंच्या दारात उभी राहिली.

"मामंजी, वहिनींना पण घेऊ या," कामिनी म्हणाली.

"वहिनी कशाला? घरधनी गाडीत, म्हणजे मत खिशात. काय भाऊ?"

"मी सांगेन तिकडेच तिचा हात," भाऊ म्हणाले. "लगीन झालं तवापासून असंच शे."

फाटाफूट नको म्हणून नानांनी सगळ्यांचे मोबाइल पिशवीत गोळा केले. नियम म्हणजे नियम, स्वतःचाही बंद करून टाकला.

इकडे बेबाबाई दिवसभर नवऱ्याला फोन लावत होत्या. मत कोणाला द्यायचं, एवढंच विचारायचं होतं. त्यांच्या डोक्यात खरं तर एकच गोष्ट होती, पाणी. गल्लीतल्या बायकांनी त्यासाठीच त्यांना निवडून दिलं होतं. अर्जाची मुदत संपत आली तेव्हा दुसऱ्या पक्षाची नगरसेविका सलीमा घरी आली.

"अक्का, भाऊ काय म्हणतात?"

"त्यासना फोन बंद शे. माले तं कोन्ही काही इचारं नही."

"मग मी विचारते. महापौर झालात तर पहिलं काय कराल?"

"पानी. आठ दिनमा एक डाव येस, तेबी पिवळं."

"मग तुम्हीच उभ्या राहा. आमची सगळी मतं तुम्हाला. आमच्या एकट्याच्या बळावर असंही जमत नाही."

"अन् यासले इचारनं पडी ना?"

"विचारा की. फोन तर बंद आहे."

बेबाबाईंनी पदराला हात पुसले आणि सही केली.

मतदानाच्या सकाळी नानांची बस थेट महापालिकेसमोर आली. बेबाबाईंना आणायला पाठवलेला ड्रायव्हर एकटाच परत आला. घराला कुलूप होतं.

"देवाला गेली असेल," भाऊ निर्धास्तपणे म्हणाले आणि सभागृहाकडे निघाले. दारात हवालदारानं अडवलं.

"आपण नगरसेवक?"

"अख्खं देवपूर म्हणतं."

"ओळखपत्र?"

"ते बायकोच्या पर्समधे शे."

पर्स सभागृहात, पहिल्या रांगेत बसली होती. भाऊ काचेच्या दाराबाहेर राहिले. कामिनीचं नाव पुकारलं गेलं, तसा बायकोला खूण करायला त्यांनी बाहेरूनच हात वर केला. बेबाबाईंचं लक्ष नव्हतं. भाऊंनी हात आणखी ताणला. तो खाली येईस्तोवर पुढचं नाव आलं, "बेबाबाई." आत बेबाबाईंचा हात वर गेला, बाहेर भाऊंचा होताच. आत बसलेल्या नानांनी दाराकडे वळून पाहिलं ते नेमकं तेव्हा. एका मतानं बेबाबाई महापौर झाल्या.

संध्याकाळी भाऊ पडल्या चेहऱ्यानं घरी आले. नाना त्यांना गद्दार म्हणाले होते, आणि बाहेर ढोल वाजत होता.

"माले एकदा इचारनं तरी," ते म्हणाले.

"फोन लाया होता. बंद होता."

भाऊ खाटेवर टेकले.

"मग उद्या मी काय करू?"

"उद्या पानीना दिन शे," महापौर म्हणाल्या. "भरी ल्या. माले सभा शे."