आत्याबाईंचा वर गेलेला हात

या मंडळी, असे पुढे सरकून बसा! मिसिसिपीतल्या एका चर्चमध्ये शांतता राखण्याचा कसा बोजवारा उडाला, ती गोष्ट ऐकाच!

केझाया टॉलिव्हर कम्युनिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होती. शिष्यवृत्ती मिळाली तर पुढे विद्यापीठ. नाहीतर कोंबड्या कापायच्या कारखान्यातली रात्रपाळी पाचवीला पुजलेली. मुलाखत कॉम्प्युटरवर. घरी इंटरनेट नाही. ते होतं चर्चच्या मागच्या खोलीत, पातळ फळीच्या भिंतीआड.

"तू निर्धास्त बस!" गायकमंडळाच्या प्रमुख अर्नेस्टीनआत्या छाती ठोकून म्हणाल्या. "आम्ही पलीकडे मनातल्या मनात प्रार्थना करू. मुंगी शिंकली तरी तिला बाहेर काढीन!"

"आत्या, त्यापेक्षा आपापल्या घरून करा ना..."

"घरून? देवानं काय दारोदार हिंडायचं? एका जागी गाठू त्याला!"

पडद्यावर तीन परीक्षक आले. मधल्याचा चेहरा कारलं चावल्यासारखा. पहिला प्रश्न त्याचाच!

"गणितात एकदा नापास झालात. का?"

"सर, मी... तेव्हा... म्हणजे..."

"सावकाश, लेकरा, सावकाश!" भिंतीपलीकडून कुणीतरी कळवळलं. प्रवचनात बोलणारा अडखळला की ऐकणाऱ्यांनी धीर द्यायचा, ही तिथली जन्माची सवय!

सगळ्यांना गप्प करायला आत्यांनी झटकन हात वर केला. तिथंच घात झाला! दर रविवारी तो हात वर गेला की ऑर्गन सुरू व्हायचा. आणि ऑर्गनवर बसलेल्या ल्युशसकाकांना ऐकू येतं कमी, पण दिसतं लख्ख!

भूंऽऽऽ! ऑर्गन घुमला. पाठोपाठ गायकमंडळही. "थांबा" म्हणून आत्यांनी घाबरून दुसरा हात वर केला. दोन हात म्हणजे आणखी जोरात!

केझाया जिवाच्या आकांतानं ओरडली, "रात्रपाळी होती, सर! पडले, पण उठले!"

"उठली!" भिंत गरजली.

"पुन्हा परीक्षेला बसले!"

"बसली गं बाई!"

आणि पडदा काळा! केझायानं टेबलावर डोकं टेकलं. नाकात आत्ताच कारखान्याचा वास शिरला.

तेवढ्यात फोन वाजला. कारलं बोलत होतं. "मिस टॉलिव्हर, तुमचं उत्तर ऐकूच आलं नाही."

"सर, माफ करा, मी पुन्हा..."

"नको. ते तुमच्या अर्जात वाचलंय. एक प्रश्न राहिला होता. अभ्यास जड झाला, तर पाठीशी कोण आहे?" त्यांनी घसा खाकरला. "तो आता विचारत नाही. शिष्यवृत्ती तुमची."

केझाया रडतच बाहेर आली. आत्यांनी तिला कवटाळलं. "बघ! पान तरी हललं का?"

ल्युशसकाका हळूच ऑर्गनवरून उठले. तिचे डोळे पुसत म्हणाले, "पोरी, मुलाखत असेल त्या दिवशी सांग हं. मी बोटसुद्धा लावणार नाही!"

तर मंडळी, आज प्रार्थनेला बसाल तेव्हा या ल्युशसकाकांची आठवण ठेवा. फक्त, हात वर करू नका!